भिंतीचा हिशेब

खर्च शंभर रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि सामान व कारागीर आसपासचेच हवेत. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले, तेव्हा घर बांधणाऱ्यांना त्यांनी घातलेली ही अट. सेगाव म्हणजे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतले गाव. धड रस्ता नाही, पोस्ट नाही, हिवताप मात्र भरपूर. ‘सेवाग्राम’ हे नाव त्याला १९४० साली मिळाले, तेही टपाल शेगावला जाऊन घोटाळा होऊ लागला म्हणून. गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन त्यांच्या आधीच तिथे जाऊन राहिल्या होत्या. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती मुळात त्यांनी स्वतःसाठी उभारलेली झोपडी. ब्रिटिश आरमारातल्या एका ॲडमिरलची मुलगी बांबू-मातीत हात घालते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात माणसाला बसता येईल असे घर उभे करते, याचे आपल्याला पुरेसे आश्चर्य वाटत नाही.

सहली येतात. मुले गांधीजींची बैठक पाहतात, व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेल्या टेलिफोनची खोपटी पाहतात आणि बसमध्ये जाऊन बसतात. छपराकडे फारसे कुणी बघत नाही. कवेलूंचे छप्पर इतके खाली उतरते की भिंतीवर दुपारचे ऊन पडतच नाही. भिंत बांबूच्या ताट्यावर लिंपलेल्या मातीची, तापायला वेळ घेणारी. कवेलूंच्या फटींतून आतली गरम हवा वर निघून जाते. बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आत पंख्याशिवाय बसता येते. मीराबेननी भिंतीवर मातीतच उठावाने ताडाची झाडे आणि चरखा काढला आहे. त्यांना सजावट हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी बाजारातून काही आणले नाही.

पर्यावरणपूरक वास्तुकला म्हटले की हल्ली डोळ्यांपुढे सौरपट्ट्या, बाल्कनीतून लोंबणाऱ्या वेली आणि काचेवरचे हिरवट आवरण येते. तिचा इतिहास लिहिणारेही बहुधा १९७३च्या तेलसंकटापासून सुरुवात करतात. अरब देशांनी तेल रोखले, अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि तिथल्या वास्तुविशारदांना भिंतीची जाडी आठवली. त्यांच्या दृष्टीने ते खरेच आहे. आपल्याकडे मात्र या विचाराचा जन्म जमाखर्चाच्या वहीत झाला. घर बांधताना पैसा कुणाच्या हातात जातो, या प्रश्नातून.

वही अक्षरशः एका हिशेबनीसाची होती. जे. सी. कुमारप्पा हे तंजावरचे, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस. मुंबईत त्यांची स्वतःची पेढी होती, अंगावर उंची सूट असे. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि त्यांची पुढची वाट बदलली. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत बसून कुमारप्पांनी देशाचाच ताळेबंद मांडायला घेतला. त्यांचे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक १९४५चे. शाश्वत विकासावरचा ब्रुंटलँड अहवाल आला तो १९८७ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. कुमारप्पांनी निसर्गातल्या संपत्तीचे दोन भाग पाडले. एक साठ्यातली: कोळसा, लोखंड, खनिज तेल, काढली तेवढी कमी होणारी. दुसरी वाहती: लाकूड, गवत, शेतीतून दरवर्षी उगवणारे सारे. साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था भांडणे आणि युद्धे ओढवून घेते, प्रवाहावर जगणारी टिकते, असे त्यांचे म्हणणे. मुद्दल खाऊ नये, व्याजावर भागवावे, हे कोणत्याही हिशेबनीसाला कळते. कुमारप्पांनी ते पृथ्वीला लावून पाहिले. ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ लिहिणाऱ्या शुमाखर यांनी आपल्या लेखनात त्यांचा आधार घेतला. शुमाखर जगभर वाचले गेले. कुमारप्पांचे नाव वर्ध्याबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

गांधीजी आणि कुमारप्पा या दोघांच्या विचाराला विटेत उतरवणारा तिसरा माणूस मुंबईच्या बंदरात बोट चुकल्यासारखा येऊन पडला. लॉरी बेकर, जन्म १९१७, बर्मिंगहॅम. वास्तुकलेची पदवी घेतलेला, पंथाने क्वेकर, म्हणून युद्धात बंदूक न धरता रुग्णसेवक झालेला. चीनमध्ये कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करून तो मायदेशी निघाला होता. बोट मिळेपर्यंत काही आठवडे मुंबईत काढावे लागले आणि तिथे गांधीजींची भेट झाली. बेकर यांच्या पायांत चीनमध्ये शिकून केलेले चिंध्यांचे जोडे होते. गांधीजींचे लक्ष आधी त्या जोड्यांवर गेले, मग बोलणे सुरू झाले. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेले असेल, हे गांधीजींचे म्हणणे बेकर यांनी पुढे अनेकदा सांगितले. तरुण वास्तुविशारद म्हणून आपल्याला ते तेव्हा पटले नव्हते, हेही ते सांगत. पटायला बराच काळ गेला. गंमत अशी की सेवाग्राम ते वर्धा हे अंतरही पाच मैलांच्याच आसपास भरते.

१९४५ साली बेकर कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात परतले. इंग्लंडमध्ये शिकलेल्या पुस्तकांत वाळवी नव्हती, पावसाळा नव्हता, जांभा नव्हता. १९४८ साली एलिझाबेथ जेकब या केरळी डॉक्टरशी लग्न झाले. दोघे पिथौरागढकडे फिरायला गेले आणि तिथेच राहिले, पंधराएक वर्षे. एलिझाबेथ दवाखाना चालवत, बेकर बांधकाम करत आणि सुईणीच्या मदतनिसापासून पडेल ते काम करत. डोंगरातल्या लोकांची दगड, लाकूड आणि पाटीच्या दगडाची घरे पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की आपण इथे ‘सुधारणा’ करायला येण्याच्या आधीच प्रश्न सुटलेले आहेत. उतार कुठे द्यायचा, खिडकी किती लहान ठेवायची, गुरांची ऊब वरच्या मजल्यावर कशी घ्यायची, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चुका करत करत ठरलेले होते. त्यांची खरी पदवी ही.

१९६३ साली कुटुंब केरळात आले, आधी वागमोनच्या डोंगरात आणि नंतर तिरुवनंतपुरमला. बेकर यांचे नाव झाले ते इथे. १९७१ साली अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था काढली आणि तिच्या इमारती बेकर यांच्याकडे सोपवल्या. मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांचा पाठिंबा होता. गरिबीचा अभ्यास करणारी संस्था आपल्या इमारतीवर किती खर्च करते, याला अर्थ असतो, हे राज यांना कळत होते. टेकडीच्या उतारावर, झाडे न तोडता, वळसे घेत जाणाऱ्या त्या विटांच्या इमारती सरकारी दरापेक्षा कितीतरी कमी खर्चात उभ्या राहिल्या. गिलावा नाही, रंग नाही. ग्रंथालयाचा गोल मनोराही विटेचाच.

खर्च कमी झाला तो कशामुळे, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण ‘स्वस्त घर’ म्हटले की आपल्याला पातळ भिंत आणि कमी सिमेंटचा माल आठवतो. बेकर यांची भिंत नऊ इंचीच होती. फरक विटेच्या ठेवणीत. आपला गवंडी वीट आडवी, पोटावर निजवतो. बेकर यांनी ती कडेवर उभी केली. दर्शनी बाजूला एक उभी वीट, मागच्या बाजूला दुसरी, मध्ये तीन इंचांची पोकळी, आणि थोड्या थोड्या अंतरावर या दोन्हींना बांधून ठेवणारी आरपार वीट. उंदराच्या सापळ्यासारखी घरे पडतात म्हणून इंग्रजीत हिला ‘रॅट-ट्रॅप बाँड’ म्हणतात, आणि आपल्याकडचे गवंडीही तेच म्हणतात. विटा पाव हिश्शाने वाचतात, मालाची बचत त्याहून जास्त. पोकळीतली हवा उन्हाळ्यात उष्णता अडवते. दोन्ही अंगे सफाईदार येत असल्यामुळे गिलावा लागत नाही, दर्जा भरल्या की काम झाले. एकच युक्ती, पण तिने सिमेंट, वीट, इंधन आणि पंख्याची वीज असे चार खर्च एकदम कापले.

स्लॅबचेही तसेच. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये वरचा भाग दाब घेतो, खालच्या भागातला ताण सळया घेतात. मग सळयांच्या मधले खालचे काँक्रीट काय करते? जवळजवळ काही नाही, नुसते वजन वाढवते. बेकर यांनी तिथे जुनी मंगलोरी कौले घातली. कौले मोडीच्या भावात मिळत, स्लॅब हलकी होई आणि खालून पाहिले की नक्षी दिसे. खिडक्यांचा हिशेब त्याहून मजेशीर आहे. चौकट, झडप, बिजागऱ्या, गज, काच, रंग: खिडकीचा एक चौरस फूट भिंतीच्या एका चौरस फुटापेक्षा कितीतरी पट महाग पडतो. वारा आणि उजेडच हवा असेल तर विटांमध्ये भोके ठेवून जाळी करा, तिची वेगळी किंमतच नाही. तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्टेशनसमोर थंपानूरचे इंडियन कॉफी हाउस आहे. सगळी इमारतच जाळीची, गोल गोल वर चढत जाणारी. चढावरच टेबले, बाके भिंतीतच बांधून काढलेली. आत शिरताना जरा गरगरते, पण पहिल्या घोटापर्यंत वारा लागतो. ही कॉफी हाउसे कामगारांच्या सहकारी संस्थेची, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. मालकच वाढपी असल्यावर इमारतीवर उधळपट्टी कोण करणार?

बेकर नकाशे फारसे काढत नसत. पाकिटाच्या पाठीवर रेखाटन करायचे आणि साइटवर गवंड्याशेजारी उभे राहायचे. कंत्राटदार नाही, स्वतःची माणसे. पाडलेल्या घरांची दारे, तुटक्या फरश्या, बाटल्या, काहीही चाले. यातून वाचलेला पैसा कुठे गेला हे पाहिले की कुमारप्पांची आठवण येते. एकूण खर्चात सिमेंट-पोलादाचा वाटा घटला आणि मजुरीचा वाढला. पैसा कारखान्याकडून हातांकडे वळला. बेकर यांच्या कामाकडे सौंदर्य म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. मला तरी त्यातला हा मजुरीचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९८५ साली अच्युत मेनन, राज, बेकर आणि टी. आर. चंद्रदत्त यांनी त्रिशूरला ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था सुरू केली. १९९० साली बेकर यांना पद्मश्री मिळाली. २००७ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. गोव्यात जेरार्ड दा कुन्हा यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेतली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांनी ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट काढला, आणि के. एस. जगदीश आदींनी थोडेसे सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटांवर बरीच वर्षे शास्त्रशुद्ध काम केले. म्हणजे ज्ञान होते, नमुने होते, मोजमापे होती. तरीही तुमच्या गावात, माझ्या गावात उंदीरसापळ्याची एकही भिंत का दिसत नाही?

एक कारण इतके साधे आहे की ते कुणी मोठ्याने बोलत नाही. आपल्याकडे वास्तुविशारदाची फी बहुधा बांधकामाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरते. खर्च निम्म्यावर आणणारा वास्तुविशारद आपली फीही निम्म्यावर आणतो, आणि त्यासाठी साइटवर दुप्पट वेळ उभा राहतो. कंत्राटदाराचा नफाही टक्क्यांतच. सरकारी अभियंत्याला नफा नसतो, पण दरसूची असते. दरसूचीत नसलेली भिंत अंदाजपत्रकात बसत नाही, आणि बसवली तर ऑडिटवाला विचारतो. बचत करण्यात कुणाचाच फायदा नसलेली ही साखळी आहे. फायदा फक्त घरमालकाचा, आणि त्याला कुणी विचारत नाही. शिवाय घरमालकाचेही एक मत असतेच. बिनगिलाव्याची भिंत पाहून पाहुणे ‘काम अर्धे राहिले का?’ असे विचारतात. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ते परवडत नाही.

वर्ध्यातही प्रयत्न थांबले नव्हते. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस काढले. तिथले गुणा कौलांचे छप्पर मला फार हुशारीचे वाटते. कुंभाराने चाकावर निमुळते, पोकळ पेले करायचे. एकाचे टोक दुसऱ्याच्या तोंडात घालत गेले की कमान होते. कमानीला कमान लावत गेले की लाकूड नाही, सळई नाही, असे गोलाकार छप्पर. माठ कुणी घेईनासे झाल्यावर कुंभाराने काय करायचे, याचे उत्तर छपरातून द्यायचा तो प्रयत्न होता. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फथी यांनी १९४५नंतर लक्झरजवळच्या न्यू गुर्ना गावात मातीच्या विटांच्या कमानी अशाच, सेंट्रिंगशिवाय उभ्या केल्या होत्या. त्या गावात राहायला फारसे लोक आले नाहीत, कारण त्यांची रोजीरोटी जुन्या गावाखालच्या थडग्यांशी बांधलेली होती. वर्ध्याची कौले निदान अशा वादात अडकली नाहीत. ती नुसतीच मागे पडली.

आणि मग किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन, माणसे दमून झोपलेली. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला ६.२ रिश्टरच्या भूकंपाचा धक्का बसला. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. मराठवाड्यातले माळवद त्या पहाटे बदनाम झाले आणि त्याच्याबरोबर महाराष्ट्रातली दगडमातीची सगळी घरे.

माळवद ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर पाला आणि वर पांढरी माती चोपून केलेले सपाट धाबे. उजेडाला आणि धुराला छपरात साणे. मे महिन्यात लातूर-धाराशिवकडे अशा घरात दुपार काढली की आतला गारवा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. धाब्यावर धान्य वाळते, रात्री अंथरुणे पडतात. गळती लागली की पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती टाकायची. जुनी माती काढायचे कष्ट कोण घेणार? वर्षांमागून वर्षे थर चढत जातो आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर दीड-दोन फूट माती होते.

माणसे मारली ती या मातीने, आणि भिंतीने. भिंतीला बाहेरून एक चेहरा, आतून दुसरा, आणि मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही चेहऱ्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड अनेक घरांत नव्हताच. धक्का बसताच भिंत उभी फाटली आणि दोन्ही अंगांना कोसळली. पण अभियंत्यांनी पडझड बारकाईने पाहिली तेव्हा दुसरीही गोष्ट दिसली. जिथे छपराचा भार लाकडी खांबांवर होता आणि सांधे घट्ट होते, तिथे भिंती पडूनही सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला. म्हणजे जुन्या सुतारांचे काम खरे ठरले. लाकूड महागल्यावर ज्यांनी खांब गाळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या, त्यांच्या घरांत छप्पर भिंतीबरोबर खाली आले. आरपार दगड, कोपऱ्यांना बांधणारा पट्टा, खांब-तुळयांमध्ये तिरपे टेकू आणि वरची माती कमी करणे, एवढ्यावर माळवद भूकंपात बरेच सावरून धरता येते. हे दुरुस्तीचे तंत्र तेव्हाच दाखवून दिले गेले. पण ज्या माणसाने बायको-मुले त्या दगडांखालून काढली, त्याला ‘दगड वाईट नव्हता, बांधणी वाईट होती’ असे सांगायला जाणारा कोण? लोकांना दगड डोळ्यांपुढे नको होता. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे, सरळ रस्ते, सारखे प्लॉट. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा नव्या गावाने व्यापली. वाड्यांची एकमेकांना टेकलेली सावली गेली, गल्ली गेली, पारावरून चुलीपर्यंत हाक ऐकू जाईनाशी झाली. काँक्रीटची छपरे उन्हाळ्यात तापतात ही तक्रार आजही आहे, आणि पत्र्याची पडवी, गुरांचा गोठा, चुलीची खोली असे करत करत लोकांनी त्या सारख्या प्लॉटांत आपापले घर पुन्हा घुसवले आहे. जिथे गावे हलवली नाहीत तिथे लाखाहून अधिक घरांना दुरुस्ती-मजबुतीसाठी अनुदान मिळाले. सरकारची अपेक्षा जुने घर मजबूत करण्याची होती. बहुतेकांनी त्या पैशात वीट-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि निदान झोपायला तरी त्या खोलीत जाऊ लागले. या कामात एक वेगळी गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. अनुदानाचा हप्ता कधी, सळई किती, पट्टा कुठे, हे बायका शिकल्या आणि गवंड्याला जाब विचारू लागल्या. महाराष्ट्रातल्या बांधकामाच्या इतिहासात ही नोंद ठळक अक्षरांत असायला हवी.

किल्लारीने आणखी एका गोष्टीवर शिक्कामोर्तब केले. दगड-माती म्हणजे कच्चे, सिमेंट म्हणजे पक्के. ही विभागणी सरकारी कागदांत आधीपासून होतीच. जनगणनेच्या व्याख्येत मातीची किंवा बांबूची भिंत असलेले घर पक्के ठरत नाही. त्या निकषाने बापूकुटीही पक्की नाही. बँकेचे कर्ज, घरकुलाची यादी, गावातली पत, सगळे या एका शब्दावर चालते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत, घर किमान २५ चौरस मीटरचे. त्यातला मोठा हिस्सा तालुक्याच्या सिमेंट-सळईच्या दुकानात जातो. केंद्रानेच आयआयटी दिल्ली आणि इतरांकडून प्रदेशानुसार स्थानिक सामानाच्या घरांचे नमुने ‘पहल’ नावाने तयार करून घेतले आहेत. नमुने चांगले आहेत. पण लाभार्थ्याला हप्ता वेळेत उचलायचा असतो आणि स्लॅबचा फोटो हप्त्यासाठी हमखास चालतो.

शहरात दरम्यान भलतेच घडत होते. २००३ साली हैदराबादच्या सीआयआय–सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला अमेरिकेतले ‘लीड प्लॅटिनम’ मानांकन मिळाले. अमेरिकेबाहेरची अशी ही पहिली इमारत. पुढे ‘टेरी’ या संस्थेने आपली देशी ‘गृह’ मानांकन पद्धत आणली. पुण्यात हडपसरला वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांचे ‘सुझलॉन वन अर्थ’ उभे राहिले. बुटक्या इमारती, दिवसाचा उजेड, उन्हाला अडवणाऱ्या पट्ट्या, पाण्याचा पुनर्वापर. ते काम खरोखर चांगले आहे. मानांकनांमुळे वीज-पाण्याचे मोजमाप सुरू झाले, हेही खरे. पण हिशेब उलटा झाला. वर्ध्याला आणि तिरुवनंतपुरमला जो विचार खर्च कमी करण्यातून आला होता, तो आता खर्चावर चढवलेला थर झाला. हिरव्या मानांकनाला महाराष्ट्रात जादा चटईक्षेत्राचे बक्षीस आहे, म्हणजे कमी वापरल्याबद्दल जास्त बांधायला मिळते. चार माणसांसाठी चार हजार चौरस फुटांची सदनिकाही हिरवी ठरू शकते, कारण हिशेब दर चौरस फुटाचा होतो, दर माणसाचा नाही. सिमेंटचा उद्योग जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सोडतो. ते सिमेंट एकदा घरात गेले की त्यावर सौरपट्टी बसवून ते परत निघत नाही.

तरी जुन्या मार्गाची आरती ओवाळण्यातही अर्थ नाही, कारण तोही हिशेब आता जमेनासा झाला आहे. केरळमध्ये बांधकाम मजुराची रोजची मजुरी आज आठशे रुपयांच्या वर आहे, देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. हातांवर जास्त आणि सामानावर कमी खर्च करणारी बेकर यांची पद्धत तिथे आता आपोआप स्वस्त पडत नाही. साइटवर बंगाल, ओडिशा, आसामचे कामगार असतात. ते आज इथे, उद्या बंगळूरला. उभ्या विटेचे काम शिकून मुरायला त्यांना वेळ कुठला? विटेची मातीही प्रश्नात आली. ती भातखाचरांतून निघते, आणि खाचरे वाचवण्यासाठी केरळने २००८ साली कायदाच केला. भट्टीला लागणाऱ्या जळणाची चिंता बेकर यांनाही होती. म्हणून उतारवयात ते मातीच्या भिंतींचा आग्रह धरू लागले, त्यावर त्यांनी चित्रांची पुस्तिकाही लिहिली. कॉस्टफोर्ड आज माती आणि बांबूत बरेच काम करते. आपल्याकडे, विदर्भात, गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९९९ साली केंद्राने औष्णिक वीज केंद्रांच्या ५० किलोमीटरच्या परिघात विटांमध्ये राख वापरणे सक्तीचे केले, २००३ साली हा परीघ १०० किलोमीटरांचा झाला. कोराडी आणि चंद्रपूरच्या राखेच्या करड्या विटा आता सर्वत्र दिसतात. गांधीजींचे पाच मैल घरापासून मोजलेले होते. हा परीघ चिमणीपासून मोजला आहे. राखेचे काहीतरी करायलाच हवे होते, हे मान्य. वीट वाईट नाही. पण कुंभाराकडे जाणारा पैसा यात कुठे आला?

मातीच्या घराबद्दल हळवे होणाऱ्यांनी एक गोष्ट विचारात घेतलेली मला क्वचितच दिसली आहे. ते घर दरवर्षी माणूस मागते. पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, माळवदावर माती चोपायची, भिंती लिंपायच्या, आठवड्याला जमीन सारवायची. छपराचे काम पुरुषांचे होते. ते पुण्या-मुंबईला गेले, आणि जूनमध्ये शाकारणीला घरी कुणी राहिले नाही. काँक्रीट जिंकले याचे अर्धे कारण तरी हे की ते वीस-पंचवीस वर्षे काही मागत नाही. नंतर सळई गंजून स्लॅबचे पापुद्रे निघतात तो भाग वेगळा. सारवण बायकांचे होते. शेण आणणे, कालवणे, ओणवे होऊन घरभर हात फिरवणे, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. त्यातल्या गारव्याचे कौतुक करणाऱ्यांत सारवणारी बाई फारशी आढळत नाही. मराठवाड्यात घरकुलाचा हप्ता हाती आला की अनेक घरांत आधी जमीन बदलते. शहाबादी फरशी येते, कर्नाटकातून, दीडशे किलोमीटरहून लांबून, ट्रकने. पाच मैलांच्या अटीत ती कुठेच बसत नाही, आणि ती नको म्हणणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही.